नवा गेमपॅड, जुना कॉम्प्युटर: पाच तारांची जोडणी

कमोडोर ६४, अमिगा किंवा अटारी एसटी अशा जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या जॉयस्टिक पोर्टला पॅडची हुशारी कळत नाही. अमुक पिन ग्राउंडला टेकली की नाही, एवढंच ते बघतं. वर, खाली, डावं, उजवं, फायर अशा पाच तारा आणि एक कॉमन. त्यामुळे ब्लूटूथचा महागडा पॅड असो की जत्रेत मिळणारा टीव्ही गेमचा, जोडण्याआधी त्याला पाच साध्या बटणांच्या पातळीवर आणावं लागतं. नऊ पिनांचा प्लग बसला म्हणजे पॅड चालेल, या समजुतीपायी पोर्टं जळतात.

आधी मशिन. कमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर जोडण्यापूर्वी त्याचे पाच व्होल्ट मल्टिमीटरने मोजा. ५.२५ च्या वर दिसले तर तो अडॅप्टर बाद. त्यातला रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज वर चढतं आणि मेमरीच्या चिप आधी जातात. सांगलीत २००५ किंवा २०१९ च्या पुरात भिजलेलं मशिन असेल तर आतला वाळलेला गाळ निघाल्याशिवाय आणि पोर्टच्या पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसल्याशिवाय लाइट देऊ नका.

मग मूळ स्थिती बघा. कमोडोरवर काहीही न जोडता 'प्रिंट पीक (५६३२०)' ही बेसिकची आज्ञा दिली की पोर्ट २ साठी १२७ यायला हवं. स्टिक वर ढकलली तर १२६, खाली १२५, डावीकडे १२३, उजवीकडे ११९, फायर १११. तारेच्या तुकड्याने पिन ८ (ग्राउंड) आणि पिन १ (वर) क्षणभर जोडली आणि १२६ आलं, म्हणजे पोर्ट शाबूत आहे. ही तपासणी आधी केली नाही तर नंतर दोष पॅडचा की मशिनचा हे शोधण्यात दुपार जाते. पोर्ट १ मात्र कीबोर्डच्याच तारांवर आहे. तिथे स्टिक हलवली की स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटतात. तो बिघाड नव्हे, बहुतेक गेम पोर्ट २ च वापरतात.

पिनांचा क्रम असा: १ वर, २ खाली, ३ डावं, ४ उजवं, ६ फायर, ७ पाच व्होल्ट, ८ ग्राउंड. अमिगावर दुसरं बटण पिन ९ वर येतं. कॉम्प्युटरकडे मेल पिना असतात, म्हणून तुम्हाला फीमेल डी-टाइप, म्हणजे नऊ भोकांचा कनेक्टर लागेल. डाग देण्याच्या बाजूने क्रम उलटा दिसतो, तेव्हा प्लॅस्टिकवर कोरलेले बारीक आकडे भिंगातून वाचा. कनेक्टरचे दोन्ही कान कमोडोरच्या खाचेत अडतात, ते कटरने कापून टाका. जुनी सीरियल केबल वापरणार असाल तर दोन्ही टोकांची कंटिन्युइटी बघा. काहींमध्ये २ आणि ३ आतच अदलाबदल केलेले असतात, मग खाली दाबलं की डावीकडे जातं.

आता ब्लूटूथ पॅड. यासाठी ईएसपी-३२ हा ब्लूटूथ असलेला, प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड लागतो, पत्र्याच्या डबीवर 'डब्ल्यूरूम-३२' लिहिलेला. एस-३ किंवा सी-३ नवे म्हणून घेऊ नका. त्यांत फक्त बीएलई, म्हणजे कमी विजेवर चालणारं नव्या पद्धतीचं ब्लूटूथ आहे, तर प्लेस्टेशनचे ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्स हे पॅड जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात, ते त्यांना दिसणारच नाहीत. यूएसबी डोंगलसोबत येणारे वायरलेस पॅडही इथे बाद, कारण त्यांचा रेडिओ ब्लूटूथचा नसतो. बोर्ड ऑनलाइन मागवा किंवा पुण्याला कुणी जाणार असेल तर तापकीर गल्लीतून आणायला सांगा. बाकीचं सामान टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळेल: पाच बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ४.७ किलोओहमचे पाच आणि १० किलोओहमचे पाच रेझिस्टर, डॉट बोर्डचा तुकडा, सहा तारांची केबल.

बोर्डाच्या पिन १८, १९, २१, २२, २३ अनुक्रमे वर, खाली, डावं, उजवं, फायर यांना द्या. प्रत्येक पिनेतून ४.७ किलोओहम ट्रान्झिस्टरच्या बेसला आणि बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर थेट पोर्टच्या तारेला. बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दहा किलोओहमचा रेझिस्टर फालतू वाटेल, पण बोर्ड चालू होताना पिना काही काळ अधांतरी असतात, तेव्हा तोच ट्रान्झिस्टर बंद ठेवतो. बोर्डाची पिन थेट पोर्टला लावायचा मोह टाळा. बोर्ड ३.३ व्होल्टचा आणि पोर्ट पाचचं, शिवाय बोर्ड तार वरही ढकलतो, जे पोर्टला नको असतं.

वीज पोर्टमधून घ्यायची नाही. कमोडोरची पिन ७ जास्तीत जास्त ५० मिलिअँपिअर देते आणि रेडिओ चालू असलेला बोर्ड सहज शंभरच्या पुढे जातो. मोबाइलचा चार्जर वेगळा लावा आणि ग्राउंड पिन ८ शी एक करा. दोन पिनांच्या चार्जरच्या आउटपुटला हात लावला तर कधी कधी मुंग्या येतात, ती गळती पोर्टच्या चिपला मानवत नाही. म्हणून प्लग नेहमी दोन्हीकडची वीज बंद असताना खोचा. मग आधी कॉम्प्युटर, नंतर चार्जर. लाइट गेली तर ती परत यायच्या आत दोन्ही बटणं बंद करा.

सॉफ्टवेअरसाठी कॉम्प्युटरवरच्या अर्डुइनो या प्रोग्रॅममध्ये ब्लूपॅड-३२ चं (ब्लूटूथ पॅड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचं) बोर्ड पॅकेज टाका आणि त्यातलंच कंट्रोलरचं उदाहरण उघडा. ड्युअलशॉक ४ वर 'शेअर' आणि 'पीएस' एकत्र दाबून धरले की दिवा भराभर लुकलुकतो, तेव्हा जोडणी होते. ड्युअलसेन्सवर 'शेअर'च्या जागी 'क्रिएट'. स्टिकचं मूल्य उणे ५११ ते ५१२ येतं. साधारण २०० च्या आतलं सगळं शून्य धरा, नाहीतर झिजलेल्या स्टिकने माणूस आपोआप चालू लागतो. चक्रव्यूहाच्या गेमना तिरकी दिशा चालत नाही, त्यांच्यासाठी स्टिकऐवजी अधिकच्या चिन्हासारखी दिशांची बटणं वापरा. जुन्या गेममध्ये उडी म्हणजे 'वर', आणि आजच्या अंगठ्याला ते जमत नाही. म्हणून पॅडचं दुसरं बटण कोडमध्ये 'वर'च्याच ट्रान्झिस्टरला जोडा, एवढ्या एका ओळीने गेम निम्मा सोपा होतो. आणि पॅडचा संपर्क तुटला की पाचही पिना खाली आणायची ओळ विसरू नका. बॅटरी संपली तर शेवटची दिशा दाबलेलीच राहते.

सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड प्लगला तंतोतंत बसतो, कमोडोरवर थेट चालतोही, आणि तिथेच फसगत होते. त्यात ७४एचसी१५७ चिप असते. तिला वीज हवी पिन ५ वर, पोर्ट देतं पिन ७ वर. चिप तारा जोराने वरही ओढते, त्यामुळे कीबोर्ड दाबला की पोर्टच्या चिपशी तिची रस्सीखेच होते. मध्ये छोटी केबल करा: कॉम्प्युटरची ७ पॅडच्या ५ आणि ७ दोन्हींना, ८ ला ८, आणि १, २, ३, ४, ६ या तारांवर एकेक १एन५८१९ डायोड, पट्टी पॅडकडे. नेहमीचा १एन४१४८ टाळा. त्यावर ०.६ ते ०.७ व्होल्ट पडतात आणि 'शून्य' ओळखायची मर्यादा आहे ०.८, मग बटण कधी लागतं, कधी नाही. या जोडणीत बी हे फायर होतं. ए आणि स्टार्ट मुके राहतात.

टीव्ही गेमचा नऊ पिनी पॅड तर बटणांची माहिती एकामागून एक पाठवतो, पोर्टला ती कळत नाही. पण तो स्वस्त आहे, खोला. काळ्या थेंबाखालच्या चिपकडे जाणारे पट्टे ब्लेडने कापा, कार्बनच्या ठिपक्यांजवळचं तांबं खरवडा आणि पाच तारा व एक कॉमन डागा. खरी बटणं झाली, चिपच राहिली नाही.

सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम +२ या कॉम्प्युटरला असाच चिप नसलेला पॅड लागतो. तिथे स्टिक म्हणजे कीबोर्डवरचे आकडेच, आणि पिनाही वेगळ्या: ४ फायर, ५ वर, ६ उजवं, ७ डावं, ९ खाली, ८ कॉमन. वरचा ट्रान्झिस्टरचा बोर्ड तिथे लावू नका. शाळांमधून आलेल्या बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरचं पोर्ट अ‍ॅनालॉग, पंधरा पिनांचं. त्याला यातलं काही लागू नाही.

भारतात ऐंशीच्या दशकात विकल्या गेलेल्या डीबी स्पेक्ट्रम+ ला मात्र पोर्टच नाही. मागच्या एज कनेक्टरवर (सर्किट बोर्डाच्या कडेच्या उघड्या पट्ट्यांवर) केम्प्स्टन इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक पोर्ट देणारा जोड लावावा लागतो, तोही वीज बंद असतानाच. चालू मशिनमध्ये तो तिरका बसला तर चिप क्षणात जाते. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणाने त्या पट्ट्या काळ्या पडतात, त्यांवर खोडरबर फिरवा आणि मग अल्कोहोलने पुसा. 'प्रिंट इन ३१' दिल्यावर मोकळ्या स्थितीत ० दिसायला हवा. उजवं १, डावं २, खाली ४, वर ८, फायर १६. सतत २५५ आलं तर बहुधा इंटरफेस नीट बसलेला नाही. वीज बंद करून काढा आणि पुन्हा सरळ खोचा.