शाळा आणि पाऊस यायच्या आधी: नेफ्रॉटिक मुलाच्या घरची तयारी

रेनकोट, वह्या, दप्तर यांच्या खरेदीत मे महिना कधी सरतो कळत नाही. नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं गळून अंगावर सूज येण्याचा आजार, असलेलं मूल ज्या घरात आहे, त्या घराची यादी याहून लांब असते आणि ती जूनच्या आत उरकावी लागते. जूनमध्ये शाळा आणि पाऊस जोडीनं येतात, पाठोपाठ वर्गात सर्दी-खोकला सुरू होतो. या मुलांचा आजार उलटतो तो बऱ्याचदा असल्या साध्या सर्दीनंतरच. डोळे सुजल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता हातात असलेले चार आठवडे वापरा.

या मुलाच्या प्रतिकारशक्तीचं नेमकं काय झालेलं असतं, ते आधी समजून घ्या. मूत्रपिंडाची गाळणी सैल होते, लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातं आणि अंगावर सूज येते, एवढं आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं. पण त्याच वाटेनं आयजीजी नावाची प्रतिपिंडं आणि रक्तातली आणखी काही संरक्षक प्रथिनंही वाहून जातात. न्युमोकोकससारख्या जाड वेष्टनाच्या जंतूंना ती चिकटली, तरच पांढऱ्या पेशींना ते जंतू पकडता येतात. म्हणून सूज असताना न्युमोनिया, कातडीचा संसर्ग आणि पोटात साठलेल्या पाण्याचा संसर्ग यांची भीती जास्त. त्यावर रोजचं स्टिरॉइड उरलेलं संरक्षणही दाबून ठेवतं. दुसरीकडे, हा आजार मुळात बहुतेकदा प्रतिकारयंत्रणेच्याच बिघाडातून येतो. गोवर आल्यावर काही मुलांची सूज ओसरते, हे जुन्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. १९७४ मध्ये शालहूब या डॉक्टरांनी या निरीक्षणाचाही आधार घेऊन प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशींकडे बोट दाखवलं. २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी बऱ्याच मुलांच्या रक्तात गाळणीतल्या नेफ्रिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं असल्याचं दाखवलं. म्हणजे यंत्रणेचा एक भाग लुळा पडलेला असतो आणि दुसरा नको तिथे चालून जात असतो.

म्हणूनच यादीतलं पहिलं काम खरेदीचं नसून काढून टाकण्याचं आहे. ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे, गोळ्या, पावडरी घरातून बाजूला करा. आजी प्रेमानं देते, शेजारी खात्रीनं सुचवतात, पण चाळवलेल्या यंत्रणेला आणखी चाळवून आपल्याला काय मिळणार? कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्यांनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही नको.

मग लसीचं कार्ड शोधा आणि ते घेऊन मे महिन्यातच डॉक्टरांना भेटा. न्युमोकोकलची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते, पण त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच मुलांना ती मिळालेली नसते. पीसीव्ही पूर्ण झाली असली तरी दोन वर्षांवरच्या नेफ्रॉटिक मुलाला पुढे पीपीएसव्ही-२३ ही न्युमोकोकलचीच वेगळी लस लागते. ती पीसीव्हीनंतर किमान आठ आठवड्यांनी देतात आणि पाच वर्षांनी तिचा आणखी एक डोस असतो. ही सहसा विकत घ्यावी लागते. फ्लूची लस दर वर्षी, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळत असल्यानं पावसाच्या दोन-चार आठवडे आधी. ती टोचायची असू दे, नाकातल्या फवाऱ्याची नको. आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा यांनीही फ्लूची लस घ्यावी. माझ्या मते घरच्यांची लस हे या यादीतलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचं काम आहे.

जिवंत, म्हणजे दुबळे केलेले पण जिवंत जंतू असलेल्या, लसींचं गणित निराळं. गोवर-रुबेला, एमएमआर, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ या लसी स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर देत नाहीत. दिवसाला वजनाच्या किलोमागे दोन मिलिग्रॅम किंवा एकूण वीस मिलिग्रॅमच्या वर डोस दोन आठवडे चालला असेल, तर तो थांबल्यावर किमान चार आठवडे थांबायचं असतं. मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस किंवा रिटुक्सिमॅब यांसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर नियम आणखी कडक. त्यामुळे पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात आल्या की मुलाचं औषध आधी सांगा. धाकट्या भावंडाला थेंब देण्याबद्दलही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, कारण लसीतला विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. लसीनंच आजार उलटेल, या भीतीपोटी काही घरं सगळ्याच लसी टाळतात. तसं करू नका. खऱ्या संसर्गानं आजार उलटण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

कांजिण्यांची तयारी वेगळी करावी लागते. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, अशा मुलाला स्टिरॉइडवर असताना त्या झाल्या तर फुप्फुसांपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतात. शाळा सुरू होताच वर्गशिक्षकांना भेटून सांगा: वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी आम्हाला फोन करा. फोन आला की पुरळ यायची वाट पाहू नका. बचावासाठी देतात ती प्रतिपिंडांची सुई संपर्क आल्यापासून शक्यतो चार दिवसांच्या आत द्यावी लागते आणि ती प्रत्येक गावात मिळत नाही. ‘अंगावर उठल्या की औषध द्यायचं नाही’ हा घरातला रिवाज या मुलाच्या बाबतीत बाजूला ठेवा. अशा वेळी असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध लागतं आणि तेही लवकर.

रोज सकाळची लघवी तपासायचं सामान भरून ठेवा. पट्टी वापरत असाल तर डबीचं झाकण घट्ट, कारण पावसाळी दमटपणानं पट्ट्या खराब होतात आणि खोटं उत्तर देतात. पट्टी बुडवून लगेच काढा, कडेला टेकवून जादा थेंब निथळू द्या, डबीवर लिहिलेला वेळ घड्याळात मोजा आणि खिडकीच्या उजेडात रंग ताडून पाहा. पिवळा तसाच राहिला तर प्रोटीन नाही. हिरवट होत गडद हिरव्याकडे गेला, तर प्लस, म्हणजे डबीवरच्या रंगांवरून मोजायच्या प्रोटीनच्या पायऱ्या, वाढत चाललेत. पट्ट्या परवडत नसतील तर सल्फोसॅलिसिलिक आम्लाची बाटली स्वस्तात काम करते. काचनळीत लघवी घेऊन त्यात थेंब टाका आणि नळीमागे छापील कागद धरा. गढूळपणातून अक्षरं वाचता आली तर एक प्लस, नुसत्या जाड काळ्या रेघा दिसल्या तर दोन, पांढरा साका दिसू लागला तर तीन आणि गुठळ्या झाल्या तर चार. तारीख, प्लस, सकाळचं वजन, औषधाचा डोस आणि सर्दी-ताप असल्यास तो, सगळं एकाच वहीत लिहा. सलग तीन सकाळी तीन किंवा चार प्लस म्हणजे आजार उलटला. सर्दीत एखाददुसरा दिवस प्लस दिसून तो आपोआप उतरतो, म्हणून घाबरून स्वतःच स्टिरॉइड सुरू करू नका. सर्दी झाली की काही दिवस रोज छोटा डोस द्यायची पद्धत होती, पण ब्रिटनमधल्या प्रेडनॉस-२ या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, असं २०२१ च्या अखेरीला जाहीर झालं. तुमच्या मुलासाठी काय करायचं ते डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

औषधाच्या डब्यात प्रेडनिसोलोन, म्हणजे मुलाचं नेहमीचं स्टिरॉइड, किमान दोन आठवड्यांचं जादा असावं. पुरामुळे रस्ता बंद पडला, दुकानात माल नव्हता, ही कारणं शरीराला समजत नाहीत. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर तीही तातडीचीच वेळ. तापाला पॅरासिटामॉल ठेवा. आयबुप्रोफेन नको, ते मूत्रपिंडाला जड जातं. तापाच्या कित्येक सिरपांत ते पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं, म्हणून लेबल वाचूनच बाटली घ्या.

दाराजवळ एक पिशवी तयार ठेवा: फाइल, डिस्चार्ज कार्ड, वही, लसीचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि महात्मा फुले योजनेसाठी शिधापत्रिका नि आधार. सूज असताना पोट दुखू लागलं तर गॅसेस, जंत म्हणून ओवा देत बसू नका. पोटातल्या पाण्याचा संसर्ग असाच सुरू होतो आणि स्टिरॉइडमुळे ताप येतोच असं नाही. पायावर ताणलेली, गरम, लाल कातडी, धाप, लघवी कमी होणं, गार पडलेले हातपाय, गुंगी, किंवा एकाच पायाची दुखरी सूज, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. स्वागतकक्षावर पहिलं वाक्य म्हणा, ‘मूल नेफ्रॉटिक आहे, स्टिरॉइडवर आहे.’

घरातली कामं थोडक्यात. पाणी उकळून. नखं कापलेली, डासांपासून बचाव, कारण खाजवलेल्या जागेतूनच जंतू शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालणं बंद. कोकण-मुंबईकडे लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात हमखास असतो आणि तो मूत्रपिंडांवरच जातो. घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर लांबला असेल तर त्याची क्षयाची तपासणी आधी करून घ्या.

मूल डायलिसिसवर असेल तर थोडं वेगळं. मूत्रपिंड निकामी झाल्यावर टी-पेशी मंदावतात, लसींना उत्तर कमी मिळतं आणि मिळालेलं लवकर ओसरतं. हिपॅटायटिस बीची लस झालेली असली तरी दर वर्षी रक्तातली तिच्या प्रतिपिंडांची पातळी तपासा. ती दहाच्या खाली गेली तर बूस्टर लागतो. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर जिवंत लसी त्याच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण व्हायला हव्यात, नंतर ती दारं जवळपास बंद होतात. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांनी बाहेर येणारं पाणी रोज उजेडात धरून बघावं. गढूळ दिसलं की त्याच दिवशी फोन.

एवढं सगळं करून मुलाला मात्र घरात कोंडू नका. सूज नसताना ते शाळेत जाऊ शकतं, मैदानात खेळू शकतं. शिक्षकांना द्यायच्या चिठ्ठीत कांजिण्यांच्या फोनबरोबर हेही लिहा, की पाण्याची बाटली आणि लघवीला जायची परवानगी अडवू नका, आणि गोळ्यांमुळे फुगलेल्या गालांवरून वर्गात कुणी चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवा.