बूम लिफ्टवर चढण्याआधी जमीन बघा

भिवंडीच्या गोदामात स्प्रिंकलरची पाइप टाकायची किंवा चाकणच्या शेडमध्ये दिवे बदलायचे, तर हल्ली परांची बांधण्याऐवजी भाड्याची लिफ्ट मागवतात. सरळ वर जाणारी ती सिझर. अडथळ्यावरून हात लांबवणारी ती बूम. दोन्ही चालवायला सोप्या वाटतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

१. मशीन जिथून जाणार तो पट्टा आधी पायी फिरा. चेंबरची झाकणं, नुकताच बुजवलेला चर, प्लायवूड टाकून झाकलेलं भगदाड, ओला भराव, सगळं बघा. बूम वर असताना एक चाक खड्ड्यात गेलं, तर खालचा छोटा धक्का वर पोचेपर्यंत गलोलीसारखा होतो आणि हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) न लावलेला माणूस बास्केटबाहेर, म्हणजे उभं राहायच्या पिंजऱ्याबाहेर, फेकला जातो.

२. टायर, तेलाची गळती, कठडा, गेट तपासा. मग खालच्या पॅनेलवरून लिफ्ट वर-खाली करा, लाल इमर्जन्सी बटण दाबून मशीन खरंच थांबतं का पाहा. बॅटरी गेली तर माणूस खाली कसा उतरवायचा, हे खाली थांबणाऱ्याकडून एकदा करून घ्या. नुसतं सांगून भागत नाही.

३. प्लेटवरचं वजन वाचा. १९ फुटी सिझर साधारण २३० किलो घेते. दोन माणसं, ड्रिल आणि पाइपचे तुकडे चढले की ते संपत आलं.

४. बूममध्ये फुल बॉडी हार्नेस आणि आखूड दोरी हवीच. हूक बास्केटमधल्या कडीतच अडकवा, छताच्या लोखंडी सांगाड्याला (ट्रसला) कधीच नाही. लिफ्ट हलली की माणूस मध्ये ताणला जाईल. हात पुरत नाही म्हणून कठड्यावर पाय देऊ नका, आत शिडी लावू नका. मशीन पुढे घ्या.

५. वर जाताना डोक्यावर बघा. तुळई आणि कठडा यांच्यात सापडलेला माणूस पॅनेलवर दाबला जातो, त्याच्याच अंगाने जॉयस्टिक ढकलली जाते आणि मशीन आणखी वर जात राहतं. फूट पेडल असलेल्या मशीनवर पाय काढला की हालचाल थांबावी, ती सोय याचसाठी. त्या पेडलवर वीट ठेवणारे महाभाग आहेत. अशाला लिफ्टवरून उतरवा.

६. उघड्यावर चालणाऱ्या बहुतेक मशीनची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. काही सिझर फक्त आतल्या कामासाठीच असतात. हातात पत्रा घेतला तर तो शिडासारखा वारा धरतो. विजेच्या तारांजवळ काम असेल तर आधी लाइन बंद करून घ्या. अमेरिकी नियमात ५० केव्ही (किलोव्होल्ट) पर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट अंतर सांगितलं आहे. रबरी टायर आहेत म्हणून शॉक लागणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

७. काम झालं की बूम मिटवा, मशीन सपाट जागी लावा, किल्ली खिशात घाला. किल्ली लावलेली दिसली की रात्रपाळीचा कोणीतरी ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणत चढतो.