नवीन जेआर वनसाठी: वॉर्डात पेशंट सेफ्टी प्रत्यक्ष कशी पाळायची

जेआर वनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरांची, नवीन बॅच जॉइन झाली की सगळे एकच विचारतात, मॅडम कुठलं पुस्तक वाचू. पुस्तक नंतर वाचा. पहिल्या तीन महिन्यांत हाताला ज्या सवयी लागतात त्याच पुढे राहतात, आणि आपल्या हातून पेशंटला इजा होणार की नाही हे बरंचसं त्या सवयींवर ठरतं. मी सरकारी कॉलेजात मेडिसिन केलं, बेड भरल्यावर खाली गाद्या टाकतात तसल्या वॉर्डात, त्यामुळे हे सगळं त्याच वॉर्डासाठी लिहितेय. "एवढ्या गर्दीत कसली सेफ्टी, ते कॉर्पोरेटवाल्यांचं काम" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल, ते मनावर घेऊ नका. गर्दी असते म्हणूनच चुकायचे चान्स जास्त असतात.

माझी एक गोष्ट सांगते. पहाटेचे तीन, एका आजींचं रात्रीचं ग्लार्जिन इन्सुलिन द्यायचं राहिलेलं, २० युनिट, वॉर्डातला स्टॉक संपला होता म्हणून नातवाने घरची व्हायल आणून दिली. मी ट्रेमधली सिरिंज उचलली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. शेजारच्या बेडचं सलाईन बदलत असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, टोपण लाल आहे हो." लाल टोपण म्हणजे ४० ची सिरिंज, मिलीला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, आणि माझ्या हातातली व्हायल १०० ची, म्हणजे मिलीला १०० युनिट. त्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेला अर्धा मिली येतं, म्हणजे आजींना ५० युनिट गेलं असतं. मी ते टाकून दिलं, केशरी टोपणाची सिरिंज शोधून बरोबर डोस दिला, आणि सकाळी राऊंडला कोणालाच काही बोलले नाही, कारण झालं तर काहीच नव्हतं ना. दोन आठवड्यांनी आमच्याच युनिटमधल्या दुसऱ्या रेसिडेंटकडून नेमकं हेच झालं आणि तेव्हा सिस्टर जवळ नव्हत्या. पेशंटची शुगर उतरली, घामाघूम झाले, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर शुद्धीवर आले. ते वाचले, पण मी आदल्या वेळी तोंड उघडलं असतं तर ती वेळच आली नसती, हे मला अजून लागतं.

म्हणून पहिली सवय ही, की थोडक्यात टळलेली चूक त्याच दिवशी युनिटमध्ये सांगायची. राऊंड संपताना दोन वाक्यांत, काय झालं आणि कशामुळे झालं. कोणी ओरडलं तर ओरडू दे.

आता औषधं. इन्सुलिनची व्हायल आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा मोठ्याने वाचा, ४० ला ४०, १०० ला १००. ऑर्डर लिहिताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा, नुसता यू काढलात तर घाईत तो शून्य दिसतो आणि ४ चे ४० होतात. पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल १० मिलीचा, त्यात २० मिलीइक्विव्हॅलंट, आणि दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखाच, तो इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ठेवूच देऊ नका, वेगळ्या डब्यात, वर लाल पट्टी. तो डायरेक्ट कधीच पुश करायचा नाही, सलाईनमध्ये घालून नीट हलवायचा, आणि हाताच्या साध्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नेऊ नका, जास्त लागत असेल तर सीनियरला विचारून मॉनिटर लावूनच.

नाव विचारताना "तुम्ही शिंदे ना?" असं विचारू नका, अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि केस पेपरवरचा नंबर जुळवा, विशेषतः रक्त चढवताना, आणि पेशंट बेशुद्ध असेल तर नातेवाइकाला विचारा. बेड नंबरवर तर अजिबात विसंबू नका, आमच्याकडे रात्रीत तीनदा बेड बदलायचे.

ओव्हर देणं, म्हणजे ड्युटी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं, हा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. व्हॉट्सॲपवर "सगळे स्टेबल" टाकून हॉस्टेल गाठायचं नाही. सीरियस पेशंटच्या बेडपाशी उभं राहून सांगायचं: हा कोण, कशासाठी आलाय, आत्ता कसा आहे, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, कुठला रिपोर्ट यायचाय. घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. पाच-सहा सीरियस पेशंटला दहा मिनिटं लागतात. फोनवरच्या ऑर्डरचंही तेच, औषध आणि डोस परत म्हणून दाखवा, मग लिहा.

झोपेचं बोलायलाच हवं. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये सलग १२ तासांच्या वर ड्युटी नको असं लिहिलंय, आणि इमर्जन्सीच्या दिवशी आपण ३६ तास उभे असतो. त्यासाठी एकत्र येऊन भांडायलाच हवं, पण आज रात्री काय करायचं तर हे: २४ तास उलटून गेले की डोसचं गणित एकट्याने करायचं नाही, सिस्टरकडून किंवा को-रेसिडेंटकडून तपासून घ्यायचं. आणि सीनियरला उठवायला घाबरू नका. "मला कळत नाहीये, या" एवढं म्हणता आलं तरी खूप आहे. सिस्टर, ब्रदर, मावशी कोणीही टोकलं तर हातातलं थांबवा, आधी ऐका, आभार माना, कारण तुम्ही एकदा जरी खेकसलात तर पुढच्या वेळी त्या गप्प बसतील.

औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर फार्माकॉलॉजी विभागात फॉर्म भरून द्या, बऱ्याच कॉलेजांत रिअ‍ॅक्शन नोंदवायचं केंद्र तिथेच असतं. अशा रिअ‍ॅक्शनवर लक्ष ठेवणारा देशाचा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम २०१० पासून आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. खात्री नसली, नुसता संशय असला तरी चालतं.

आणि पेशंटला खरंच काही झालं तर आधी पेशंटला सांभाळा, मग लगेच युनिट हेडला सांगा, आणि त्यांना सोबत घेऊन नातेवाइकांना बसवून खरं काय झालं ते साध्या मराठीत सांगा. केस पेपरवर मागाहून खाडाखोड करायची नाही, नवीन नोंद वेळ घालून खाली लिहायची.

शेवटी एक वही. साधी शंभर पानी, ड्युटी रूममध्ये ठेवायची, त्यात तारीख, काय चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं, आणि आपण काय बदललं. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, स्वतःचं लिहायला हरकत नाही. आमच्या वहीत पहिली नोंद मी त्या लाल टोपणाची केली, माझ्या नावासकट, आणि त्याच आठवड्यात सिस्टरांनी १०० च्या व्हायली आणि केशरी टोपणाच्या सिरिंज एकाच डब्यात ठेवायला सुरुवात केली.