जहांगीरच्या दरबारातले गुलाबाचे अत्तर: घरी करून पाहण्याची रीत

मोगल दरबारातील अत्तरांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की तो नुसता न वाचता स्वयंपाकघरात करूनही पाहता येतो. बादशहा जहांगीर (कारकीर्द १६०५ ते १६२७) आपल्या आत्मवृत्तात लिहितो, की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करत असताना, सुरईतून ताटात ओतलेल्या गरम गुलाबपाण्यावर तिला तवंग दिसला. तो तिने थोडा थोडा करून जमवला आणि अत्तर हाती आले. अकबराची विधवा पत्नी सलीमा सुलतान बेगम हिने त्याचे नाव ‘इत्र-ए-जहांगिरी’ ठेवले आणि बादशहाने अस्मत बेगमला मोत्यांची माळ बक्षीस दिली.

गुलाब गावठी, सुवासिक आणि औषधफवारणी न केलेला असावा. फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा गुलाब दिसायला देखणा असला, तरी या कामाला निरुपयोगी आहे. फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडावीत, कारण उन्हाबरोबर त्यांतले तेल उडू लागते. पातेल्याच्या मध्यभागी तिवई ठेवून तिच्यावर वाटी बसवावी, भोवती पाकळ्या पसराव्यात आणि त्या जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालावे. झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ ठेवावा, म्हणजे वाफ थंड होऊन झाकणाच्या मुठीवरून वाटीत थेंब थेंब ठिबकेल. उत्तर प्रदेशातल्या कनोज या अत्तरांच्या गावचे कारागीर तांब्याच्या डेगेचे (मोठ्या हंड्याचे) तोंड मातीने लिंपून घेतात, पण तिथे वाफेला बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे वाफ थंड होऊन साठते त्या भांड्यात, जायला वाट असते. आपल्या पातेल्याला तशी वाट नसल्याने झाकण कणकेने बंद करू नये.

आच अगदी मंद हवी. बहुतेकांचे गुलाबपाणी बिघडते ते इथेच, कारण पाणी खळखळा उकळले की पाकळ्या शिजतात आणि त्यांचा भाजीसारखा वास वाटीत उतरतो. पाऊण तासाने वाटीतले पाणी काढून, पातेल्यात ताज्या पाकळ्या घेऊन, त्यांवर तेच पाणी ओतावे आणि पुन्हा ठिबकू द्यावे. अस्मत बेगमच्या तवंगाकडे नेणारी खरी पायरी हीच आहे, कारण गुलाबाच्या सुगंधाचा मोठा भाग पाण्यातच विरघळून राहतो आणि पाणी त्याने पुरते भरल्याखेरीज तेल वर येत नाही.

हे पाणी पसरट काचेच्या ताटलीत झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. एक किलो तेलाला साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात, म्हणून किलोभर पाकळ्यांतून फार तर एखादा तवंग मिळेल. पण सकाळी ताटली उजेडात तिरपी धरली, की पाण्यावर गोठलेले पांढुरके कण चमकताना दिसतात. ते कापसाच्या लहानशा फायाने अलगद टिपून घ्यावेत. आपल्याकडे पानसुपारीच्या वेळी अत्तर लावतात, तसा तो फाया हाताच्या पाठीवर फिरवावा आणि मग कानाच्या पाळीत ठेवून द्यावा.