जुन्या आरएक्स १०० चा कार्ब्युरेटर परत बसवताना या चुका टाळा

पावसाळ्यात आठवडाभर सोप्यात उभी राहिलेली यामाहा आरएक्स १०० सुरू होईनाशी झाली, की आपण आधी कार्ब्युरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरवतो. १९९६ साली बंद झालेली ही गाडी खानापूर-निपाणी भागात आजही जिवापाड जपली जाते. मात्र घरी काम करणाऱ्यांचे नुकसान कार्ब्युरेटर साफ करताना क्वचितच होते, ते होते परत बसवताना.

सर्वांत महागात पडते ते कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधले रबर. वरून ते धडधाकट दिसते, पण दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिले, की क्लॅम्पच्या कडेला केसाएवढ्या बारीक चिरा उघडतात. त्यांतून जादा हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन भलतेच तापते आणि पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. असेच एक चिरलेले रबर मी 'अजून चालेल' म्हणून ठेवले होते. चोर्ला घाट चढताना गाडी जागीच जाम झाली आणि सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागला. म्हणून रबर बसवल्यावर गाडी स्लोवर ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे. इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे असे समजावे. क्लॅम्प मात्र जीव खाऊन आवळू नये, त्यानेही रबर कापले जाते.

आता पेट्रोलमध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यातले इथेनॉल असते. जुन्या नळ्या आणि वॉशर त्याने फुगतात किंवा कडक होतात, त्यामुळे गाडी उघडलीच आहे तर तेही बदलावेत.

दुसरी चूक स्लाइडची, म्हणजे मुठीच्या केबलने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या तुकड्याची. तिचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूलाच यावा लागतो आणि उभी खाच आतल्या पिनेवर बसावी लागते. उलटी बसलेली स्लाइड पूर्ण बंद होत नाही आणि किक मारताच गाडी किंचाळत रेस होते. किक मारण्यापूर्वी मूठ पिळून सोडावी. स्लाइड तळाला टेकल्याचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. गाडी सुरू झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. रेस वाढली, तर केबल ताणली जाते आहे.

इंजिनाला वंगणाचे तेल पुरवणाऱ्या ऑईल पंपाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. मुठीची केबल पंपालाही जाते, म्हणून तिची लांबी बदलली की पंपावरची खूण पुन्हा जुळवावी लागते. ऑईलची नळी निघाली असेल, तर तिच्यातले बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत टाकीतल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे २५ मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑईल मिसळूनच इंजिन चालवावे. इथे कंजुषी करू नये.

कार्ब्युरेटर तिरका बसला, तर फ्लोटची (आतले पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बिघडून पेट्रोल ओघळते. तो सरळ उभा आहे ना, हे मागून पाहावे.

शेवटी एअर स्क्रू, म्हणजे मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा स्क्रू. तो हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड फेरा सोडावा आणि बारीक जुळणी इंजिन गरम झाल्यावरच करावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्यात उतरल्यावर हवा दाट होते आणि इथे जेमतेम जुळवलेले मिश्रण तिथे आणखी कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, पडते. तिकडे जाणाऱ्यांनी खाली पोहोचल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा: टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढुरके दिसले तर गाडी पुढे न दामटता रबर आणि क्लॅम्प पुन्हा तपासावेत.