मुंबई ते टोकियो : अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

टोकियोत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींनी आरंभीच एक हिशेब करून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगतो. मुंबई ते टोकियो हे हवाई अंतर सुमारे ६,७५० किलोमीटर असून थेट विमानाने येताना साधारण आठ तास लागतात, जाताना मात्र पावणेदहा तासांच्या आसपास. ही तफावत वाऱ्यामुळे पडते. जपानवरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान प्रवाह हिवाळ्यात विशेष जोर धरतो. येताना तो विमानाला पाठीमागून रेटतो आणि परतताना समोरून अडवतो.

तिकिटावरील वेळा ज्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात, आणि नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आणि जपानची १३५ अंशांवर बेतलेली असल्याने टोकियो साडेतीन तास पुढे आहे. दोन्ही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तेवढाच राहतो. संध्याकाळी पाचला टोकियोच्या नारिता विमानतळावरून निघून रात्री सव्वाअकराला मुंबईत उतरलो, तर सव्वासहा तास झालेले दिसतात, पण त्यांत साडेतीन मिळवावे लागतात.

नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यापासून सुमारे साठ किलोमीटर दूर आहे, हानेदा त्या मानाने अगदी जवळ. सिंगापूरमार्गे गेल्यास साडेपाच आणि सात असे साडेबारा तास निव्वळ हवेत जातात, मधला थांबा वेगळाच.

वडील अत्यवस्थ असल्याचा नाशिकहून फोन आला तेव्हा माझ्या उशाशी रात्रीचे दोन वाजले होते आणि आईकडे आदल्या दिवशीचे साडेदहा. संध्याकाळचे थेट विमान मिळाले, मुंबईहून रातोरात गाडीने निघालो आणि घराच्या पायरीवर पाऊल ठेवले तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. फोनपासून दारापर्यंत तीस तास गेले होते. वडिलांनी मला ओळखले, हे माझे भाग्य. तेव्हापासून घरचे कोणी अंतर विचारले की मी तीस तास असेच सांगतो, आणि आपणही आपल्या गावापर्यंतचा आकडा असाच काढून घरच्यांना आधीच सांगून ठेवावा.

अशा घाईत पासपोर्ट व रेसिडेन्स कार्ड (जपानमधील वास्तव्याचे ओळखपत्र) शोधत बसावे लागू नये, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी ठेवावीत. विमानतळावर भरायच्या प्रस्थानाच्या फॉर्मवर, तात्पुरते जाऊन परत येणार असल्याच्या चौकटीत खूण करायला मुळीच विसरू नये. ती केली नाही आणि पुनर्प्रवेशाचा वेगळा परवानाही घेतलेला नसेल, तर इथल्या वास्तव्याचा हक्क संपतो. केली असेल, तर एका वर्षाच्या आत, मात्र वास्तव्याची मुदत त्याआधी संपत असल्यास त्या तारखेपूर्वी, परतता येते.