घरी ड्रम रेकॉर्ड करताय? माइक घेताना या चुका टाळा

परवा इथे गोव्यातल्या म्हापशाच्या एका मित्राचा फोन आला, सात माइकचा ड्रम सेट ऑनलाइन मागवलाय, पेटी आली, आता जोडायचं कसं सांग. मी विचारलं तुझ्या ऑडिओ इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) माइक लावायचे इनपुट किती आहेत, म्हणाला दोन. म्हणजे पाच माइक पेटीतच राहणार. मला खरंच वाईट वाटलं, कारण लग्नाच्या बँडमध्ये रात्र रात्र वाजवून त्याने ते पैसे जमवले होते. ही चूक मीही केलेली आहे, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

माइक किती, यापेक्षा इनपुट किती ते आधी बघा

त्या स्वस्त सेटमधले टॉमचे (मधले छोटे-मोठे ड्रम) माइक चालून जातात, किकचाही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चालतो, पण सिम्बलवर (धातूच्या थाळ्या) धरायचे जे दोन असतात ते बहुतेक वेळा सगळ्यात कमजोर निघतात. आणि ड्रमचा खरा आवाज, म्हणजे आपल्याला समोर उभं राहून जसा ऐकू येतो तसा, तो मुख्यत्वे या वरच्या दोन माइकमधूनच येतो, बाकीचे माइक त्याला आधार देतात. शिवाय सात माइक म्हणजे सात एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकच्या) केबल आणि तेवढेच स्टँड किंवा क्लिप, हा खर्च कोणी धरतच नाही.

बजेट कमी असेल तर माझं स्पष्ट मत: छोट्या डायफ्रामच्या (आतल्या पडद्याच्या) कंडेन्सर माइकची, म्हणजे चालायला वीज लागणाऱ्या नाजूक माइकची, एक जोडी (बेहरिंगर सी-२ स्वस्तात येते, हात थोडा सैल सोडता आला तर रोड एम५), एक किकसाठी डायनॅमिक (वीज न लागणारा दणकट माइक), आणि स्नेअरसाठी (समोरचा कडक वाजणारा ड्रम) शुअर एसएम५७ किंवा त्या जातीचा कुठलाही. एसएम५७ १९६५ पासून बाजारात आहे आणि अजून स्टुडिओत स्नेअरवर तोच दिसतो. पण त्याच्या नकला भरपूर निघतात, त्यामुळे किंमत फारच कमी दिसली तर घेऊ नका. चार माइक, चार इनपुट. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडी इंटरफेसला चार माइक प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे) आहेत, घरच्या कामाला पुरे.

दोनच इनपुट असतील तर? एक माइक वर, एक किकला. मोनो येईल, म्हणजे डावा-उजवा वेगळा ऐकू येणार नाही, पण सात माइकच्या चुकीच्या जुळणीपेक्षा चांगलं येईल.

जोडीच घ्या म्हणून मी आग्रह धरतो त्याला आमच्याकडे आणखी एक कारण आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात घुमट आरती होते, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवून आरती, ती याच जोडीने रेकॉर्ड होते. किकचा माइक तिथे काही कामाचा नाही. घुमटाला दोन तोंडं, एका बाजूला चामडं आणि दुसरीकडचं लहान तोंड हाताने उघडबंद करून घुमारा काढायचा, त्यामुळे माइक फक्त चामड्यासमोर ठेवला तर अर्धं वाद्य हरवतं, जरा लांबून दोन्ही बाजू धरायला लागतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा घरोघरी त्याचं चांगलं रेकॉर्डिंग असावं असं मला मनापासून वाटतं.

यूएसबी माइक आणि पॉडकास्टचे माइक

दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला लावू नका. प्रत्येकाच्या आत आपलं स्वतःचं घड्याळ असतं, गाणं संपेपर्यंत दोघे एकमेकांपासून सरकतात आणि मग एडिटिंग करून जीव जातो. बोलण्यासाठी बनवलेला कंडेन्सर स्नेअरजवळ नेला तर फाटतो, म्हणून घेताना कमाल एसपीएल (माइक न फाटता किती मोठा आवाज सोसतो) हा आकडा वाचा, १३० डेसिबलच्या खाली असेल तर जवळ लावू नका. माइकवर पॅडचं (येणारा आवाज कमी करायचं) बटण असेल तर ते दाबा. इंटरफेसवर सगळ्यात जोरात वाजवून आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलपर्यंतच जाऊ द्या (मीटरवर शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द), त्याच्या वर नेऊन काही मिळत नाही.

स्नेअर पातळ येतोय? माइक बदलू नका, दोरी घ्या

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. आवाज कढईवर पळी मारल्यासारखा येतो आणि माणूस म्हणतो माइक बेकार, आणि दुसरा मागवतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. वरच्या दोन माइकपैकी एक स्नेअरपासून ३४ सेंटीमीटर जास्त लांब राहिला तर दोघांची बेरीज करताना ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकाला मारून टाकतो, आणि स्नेअरचं अंग तिथेच तर असतं. उपाय फुकट आहे. एक दोरी घ्या, एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा, दुसरं एका माइकपर्यंत न्या, गाठ मारा, आणि दुसरा माइक त्याच गाठीवर आणा. जमलं तर किकच्या पॅडलपासूनही दोन्ही अंतरं सारखी करा. मग सगळं मोनो करून ऐका, आणि किकच्या ट्रॅकवर पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटी करायचं बटण दाबून बघा, ज्यात बेस भरून येतो ते ठेवा.

स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅटच (पायाने उघडबंद होणारी थाळ्यांची जोडी) जास्त येतोय अशी तक्रार असेल तर माइकची पाठ हाय-हॅटकडे फिरवा. कार्डिओइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो.

खोली

स्लॅबचं घर असेल आणि छत खाली असेल तर वरचे माइक छताजवळ गेले की छतावरून परतलेला आवाज पण घेतात. माइक थोडे खाली आणा, डोक्यावर जाड वाकळ किंवा कापसाची गादी बांधा, फरशीवर सतरंजी टाका. जुन्या कौलारू घरात उतरतं उंच छप्पर असतं तिथे हा त्रास कमी, फक्त पावसाळ्यात कौलांचा आवाज थांबेपर्यंत थांबावं लागतं.

पावसाळा

हे बाहेरचे लोक सांगत नाहीत, पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर कंडेन्सरचे हाल होतात. चरचर, मधेच पट पट आवाज, आणि वाटतं की माइक गेला. बऱ्याचदा आत फक्त दमट हवा शिरलेली असते. फँटम पॉवर (इंटरफेसकडून कंडेन्सरला जाणारी वीज) बंद करून माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवा, मग लावून बघा. हेअर ड्रायर मारू नका. आणि एसीच्या खोलीतून काढून लगेच दमट हवेत, बाल्कावात (घरापुढच्या ओसरीत) नेऊ नका, थंड धातूवर पाणी धरतं. डायनॅमिक माइकला ही काळजी बरीच कमी लागते, ज्यांच्या घरी ओल जास्त आहे त्यांनी हे घेतानाच लक्षात ठेवा.

घुईं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, तो गेला तर माइकचा दोष नाही, अर्थिंग बघून घ्या.

आणि किक नीट येत नाही म्हणून दुसरा माइक शोधायला लागायच्या आधी आहे तोच समोरच्या भोकातून दोन इंच आत ढकला, परत दोन इंच बाहेर काढा, थोडा तिरपा करा. आत बीटरचा (पॅडलच्या ठोकणीचा) टक जास्त येतो, भोकाच्या तोंडाशी गुमगुम जास्त. किकचं चामडं तीन वर्षं जुनं असेल तर मात्र आधी तेच बदला.